गाडी स्वतः चालते, पण लायसन्स तुमचंच लागतं

गाड्या आपोआप चालणार असतील तर ड्रायव्हिंग शिकायचं कशाला, हा प्रश्न आता नेहमी कानावर येतो. आज खरोखर रस्त्यावर असलेल्या तीन प्रकारच्या यंत्रणांना तो लावून पाहिला, तर उत्तरं अगदी वेगवेगळी येतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये गाडी किती आपोआप चालते याच्या ० ते ५ अशा पायऱ्या, म्हणजे लेव्हल, ठरवल्या. त्यातल्या २, ३ आणि ४ या कामाच्या. ५ म्हणजे कुठेही, कशाही हवेत चालणारी गाडी. ती विकत मिळत नाही, त्यामुळे तिचं परीक्षणही नाही.

सगळ्यात जास्त गाड्यांत मिळते ती लेव्हल २. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ आणि गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवणारा लेन असिस्ट, असं हे जोडकाम. लांबचा महामार्ग, कोरडा रस्ता आणि ठळक पट्टे असतील तर झकास चालतं. थांबत-सरकत जाणाऱ्या रांगेत पायाला इतका आराम मिळतो, की एकदा सवय लागली की नुसता ठरवलेला वेग राखणारा साधा क्रूझ नकोसा होतो.

बिघडतं कुठे, ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. रडारला वेग उत्तम कळतो, पण उभी गाडी, कमान, दिशाफलक, कठडा हे सगळं त्याला सारखंच थांबलेलं दिसतं. प्रत्येक कमानीखाली ब्रेक लागू नये म्हणून बऱ्याच यंत्रणा जास्त वेगात अशा स्थिर गोष्टींकडे काणाडोळा करतात. समजा, पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्या आडून बंद पडलेला ट्रक समोर येतो. क्रूझच्या लेखी अडथळा गेला, त्यामुळे तो ठरवलेला वेग गाठायला उलट जोर लावू शकतो. ताशी १०० किमीला गाडी सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. हा इशारा मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं.

याच्या उलटही घडतं. पुलाखाली किंवा गडद सावलीत विनाकारण ब्रेक लागतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका दाबला की बहुतेक गाड्यांत क्रूझने लावलेला ब्रेक सुटतो. मागच्या गाडीने ठोकू नये म्हणून ही हालचाल डोक्याला नव्हे, पायाला पाठ असावी लागते.

वळणावर काय होतं, ते जरा जवळून बघू. लेन असिस्टला स्टीअरिंग किती जोराने फिरवता येईल याला मर्यादा घातलेली असते. वळण त्याहून तीव्र निघालं की डॅशबोर्डवरचं हिरवं चिन्ह राखाडी होतं. काही गाड्यांत साधा बीपही वाजत नाही. हाताला जाणवतं ते एवढंच, की स्टीअरिंगमागचा आधार गेला. बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक पट्ट्यावर चढू लागतं आणि क्रूझ मात्र चालूच असतो, वेग तोच. रस्त्याच्या कामामुळे जुन्या पट्ट्यांवर नवे पट्टे मारलेत, फाटा फुटतोय, ओल्या डांबरावर समोरून ऊन पडलंय, अशा ठिकाणीही हेच. शिवाय पुढच्या काचेमागचा कॅमेरा काच बदलल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो. तो थोडा जरी कलला तरी दूरवरचा अंदाज बराच चुकतो.

म्हणजे लेव्हल २ मध्ये शिकणं कमी होत नाही, वाढतं. गाडी चालवता यायला हवीच, वर यंत्रावर नजर ठेवताही यायला हवी, आणि हे दुसरं काम माणसाला वाईट जमतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. सेन्सरना ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती, पण ती नेमकी काय आहे याचा निर्णय यंत्रणा सतत बदलत राहिली. स्टीअरिंगमागे बसलेल्या व्यक्तीचं काम फक्त लक्ष ठेवण्याचं होतं. तिची नजर मोबाइलवर होती. टेस्लाने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांसाठी रिकॉल काढला, तोही चालकाचं लक्ष आहे की नाही हे तिची ऑटोपायलट ही लेव्हल २ यंत्रणा पुरेसं तपासत नाही म्हणून. नुसत्या स्टीअरिंगवरच्या ताणावरून हात ओळखणारी यंत्रणा फसवता येते. डोळ्यांवर नजर ठेवणारा इन्फ्रारेड कॅमेरा असलेली गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी, टोचणी जास्त लावते तरीही.

सराव असा करावा: मोकळा, सरळ रस्ता, दिवसाची वेळ, वेग ६० च्या आत. आधी क्रूझ एकटा लावायचा आणि ब्रेकने सोडवायचा, दहा-बारा वेळा. मग लेन असिस्ट लावून स्टीअरिंग हलकेच वळवून बघायचं, किती जोर दिला की यंत्रणा माघार घेते ते मनगटाला कळेपर्यंत. नंतर मुद्दाम फिकट पट्ट्यांच्या रस्त्यावर जाऊन चिन्हाचा रंग कधी बदलतो ते पाहायचं. हात तेव्हाही स्टीअरिंगवरच. गाडी शिकवणाऱ्या फार थोड्या ठिकाणी हे घडतं.

लेव्हल ३ मधलं ठळक उदाहरण म्हणजे मर्सिडीजचं ड्राइव्ह पायलट. जर्मनीत ते २०२२ मध्ये आलं. ठरावीक महामार्ग, ६० किमीपर्यंत वेग, समोर दाट रहदारी. पुढे वेगमर्यादा ९५ किमीपर्यंत वाढवली. चाकाच्या कमानीत ओलावा ओळखणारा सेन्सर आहे, स्टीअरिंग आणि ब्रेकला दुहेरी व्यवस्था आहे. चालू असताना व्हिडिओ पाहायला हरकत नाही, झोपायला आहे. यंत्रणेचं काम सुबक आहे, पण एक अट जड जाते: ‘ताबा घ्या’ असा इशारा आला की चालकाला साधारण १० सेकंद मिळतात, नाहीतर गाडी धोक्याचे दिवे लावून थांबते. ६० च्या वेगात १० सेकंद म्हणजे १६७ मीटर. तेवढ्यात सीट सरळ करायची, आरसे पाहायचे, शेजारच्या लेनमध्ये कोण आहे ते टिपायचं आणि मग हात-पाय जागेवर आणायचे. इशारा येतो तोही पाऊस लागला, रस्त्याचं काम सुरू झालं, रहदारी विस्कटली अशाच वेळी. सोपं सगळं यंत्राने करायचं आणि अवघड तेवढं माणसाच्या गळ्यात, अशी ही वाटणी.

विमानांत हे आधीच होऊन गेलंय. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांना विमान हाताने सावरता आलं नाही. २२८ जण गेले. हातातली सवय मोडते याची काळजी वाटून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की वैमानिकांना जमेल तेव्हा हाताने उडवू द्या. गाडीवाल्यांना असं सांगणारं कोणी नाही.

लायसन्सची गरज खरोखर संपते ती लेव्हल ४ च्या टॅक्सीत. वेमो या कंपनीने २०२० मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात चालकाविना सेवा सर्वांसाठी खुली केली. तिच्या जॅग्वार गाडीवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर) आहेत. झूक्स या दुसऱ्या कंपनीच्या गाडीत तर स्टीअरिंग आणि पेडलच नाहीत. प्रवाशाने शिकायचं ते एवढंच: ॲपने दाखवलेल्या जागी उभं राहायचं, दार नीट लावायचं, पट्टा बांधायचा आणि गाडी बाजूला थांबवायचं बटण कुठे आहे ते आधीच बघून ठेवायचं. उतरताना मागून सायकल येत नाही ना, हे आपणही पाहावं. गाडी अडखळली तर दूर बसलेला माणूस तिच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण स्टीअरिंग तो फिरवत नाही. तोटा सरळ आहे: आखलेल्या हद्दीबाहेर ती जात नाही. शिवाय सेवा बंदही पडू शकते. क्रूझ ही कंपनी २०२३ च्या एका अपघातानंतर परवाना गमावून बसली आणि २०२४ च्या शेवटी जनरल मोटर्सने तिची रोबोटॅक्सी गुंडाळली. केवळ अशा सेवेच्या भरवशावर गाडी न शिकलेल्याची पंचाईत तिथे होते.

लायसन्सचं पुढे काय होईल याचा अंदाज गिअरच्या इतिहासावरून येतो. जपानने १९९१ मध्येच फक्त ऑटोमॅटिकपुरतं लायसन्स काढलं. जर्मनीत परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते. २०२१ पासून मात्र गिअरच्या गाडीवर किमान १० धडे आणि ड्रायव्हिंग स्कूलची १५ मिनिटांची चाचणी झाली, की गिअरची गाडीही चालवता येते. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यात ज्या गाडीत प्रभारी माणूस लागतो ती वेगळी आणि ज्यात कोणीच लागत नाही ती वेगळी, अशी विभागणी आहे. हाफ क्लच शिकणं मागे पडेल, चढावर गाडी उचलणंही. अंतराचा अंदाज, आरसे आणि मान वळवून ब्लाइंड स्पॉट पाहणं यांना लेव्हल ३ पर्यंत तरी सुटका नाही.

नव्याने लायसन्स मिळालेल्याने पहिले काही महिने लेन असिस्ट बंद ठेवावा, धडक टाळायला आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र कायम चालू. फक्त एक लक्षात ठेवावं: बऱ्याच गाड्यांत बंद केलेला लेन असिस्ट पुढच्या वेळी गाडी सुरू केली की आपोआप परत चालू होतो, त्यामुळे निघण्याआधी चिन्ह तपासावं.