आकडा नंतर बघा, आधी खोली विचारा: जर्मनीतल्या एफएसजे-बीएफडी वर्षाचं परीक्षण

पुण्यात जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: थेट आउसबिल्डुंगला, म्हणजे जर्मनीतल्या व्यावसायिक प्रशिक्षणाला, अर्ज करायचा, की आधी एक वर्ष एफएसजे, म्हणजे स्वयंसेवा? क्लासमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एजंटच्या ऑफिसात या वर्षाबद्दल बोलताना एकच आकडा पुढे केला जातो, ‘महिन्याला इतके यूरो’. हा आकडा सगळ्यात कमी सांगणारा आहे. वर्ष चांगलं जातं की रडत जातं हे खोली कुठे आहे, रविवारी पहिली बस किती वाजता आहे आणि कामावर शिकवणारं माणूस कोण आहे यावर ठरतं.

आधी नावं. एफएसजे म्हणजे स्वयंसेवेचं सामाजिक वर्ष. त्याचा कायदा १९६४ चा. बीएफडी म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा. सक्तीची लष्करी सेवा थांबवल्यावर १ जुलै २०११ पासून ती सुरू झाली. एफएसजेला वय २७ च्या आत लागतं, बीएफडीला वरची मर्यादा नाही. मुदत बहुधा १२ महिने. रोजच्या जगण्यात दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. काम असतं वृद्धाश्रमात, दिव्यांगांच्या वसतिगृहात, बालवाडीत किंवा रुग्णालयात. त्या जागेला आइनझात्सश्टेले म्हणतात. कागदपत्रं आणि प्रशिक्षण बघणारी संस्था म्हणजे ट्रेगर. कारितास, डियाकोनी, रेडक्रॉस हे मोठे ट्रेगर.

मिळणाऱ्या रकमेला टाशेनगेल्ड म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत हातखर्च. तिची कमाल मर्यादा कायद्याने ठरते: पेन्शन विम्यासाठी धरल्या जाणाऱ्या कमाल मासिक उत्पन्नाच्या ८ टक्के. २०२४ च्या मे महिन्यापर्यंत ती ६ टक्के होती. २०२५ साठी हा हिशेब ६४४ यूरोवर आला. जाहिरातीत असाच आकडा झळकतो. पण ही कमाल आहे, किमान नव्हे. त्याहून बरंच कमी देणाऱ्या जागा भरपूर आहेत आणि त्यांतल्या काही जास्त चांगल्या आहेत. ४०० यूरो, वर फुकट खोली आणि ड्युटीवर दुपारचं जेवण, असा करार ६४० यूरो आणि ‘खोली तुमची तुम्ही बघा’ या करारापेक्षा कधीही सरस. म्युनिकसारख्या शहरात ६०० च्या आत खोली मिळवणं हीच एक वेगळी नोकरी आहे. जमेची बाजू अशी की या रकमेवर आयकर नाही, आणि आरोग्य, शुश्रूषा, पेन्शन, बेरोजगारी, अपघात या पाचही विम्यांचे पूर्ण हप्ते संस्था भरते. मात्र विमा सेवेच्या पहिल्या दिवशी सुरू होतो. विमान २५ तारखेला उतरणार आणि सेवा १ तारखेपासून असेल, तर मधल्या दिवसांचा प्रवासविमा स्वतः घ्यावा लागतो. खोली-जेवण धरूनही रक्कम कमी पडते असं व्हिसा अधिकाऱ्याला वाटलं, तर उरलेले पैसे ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. त्यामुळे करारात ‘खोली मोफत’ आणि ‘जेवण मोफत’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला कॉन्सुलेटमध्ये किंमत नाही.

जागेसाठी लाख-दोन लाख मागणारा एजंट भेटला तर एवढंच ध्यानात ठेवा: आइनझात्सश्टेलेकडे जर्मनमध्ये ईमेल करून अर्ज करता येतो, आणि मुलाखत बहुतेक व्हिडिओ कॉलवर होते. त्या मुलाखतीत विचारायचा पहिला प्रश्न, ‘खोली कामाच्या जागेपासून किती किलोमीटर?’ दुसरा, ‘रविवारी सकाळी पहिली बस किती वाजता?’ वृद्धाश्रमात फ्रूडीन्स्ट, म्हणजे सकाळपाळी, सहा-साडेसहाला सुरू होते आणि शनिवार-रविवारही पाळीने येतात. खेड्यात रविवारची पहिली बस आठ-नऊ वाजता असते. गणित जमत नाही. उत्तर एकच: सायकल. जुनी सायकल शंभरेक यूरोत मिळते, पण पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर कायद्याने सक्तीचे आहेत, आणि डिसेंबरात सकाळी सहाला मिट्ट काळोख असतो. दिव्यावर पैसे वाचवू नका.

लांबच्या प्रवासाला डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास. मे २०२३ मध्ये ते ४९ यूरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई-आयसीसारख्या जलद गाड्यांत नाही. ते वर्गणीसारखं आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतं, आणि रद्द करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. सुट्टीवर भारतात येणारे इथेच चुकतात: ११ तारखेला आठवण होते आणि पुढचा महिनाही कापला जातो. काही संस्था तिकिटाला हातभार लावतात, विचारायला लाजू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे महापालिकेत पत्त्याची नोंद. त्यासाठी घर देणाऱ्याचा सही केलेला दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. खोली संस्थेची असेल तर हा दाखला संस्थेनेच द्यायचा, तेव्हा पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा. हे क्षुल्लक वाटतं, पण टपाल नाव बघून पडतं. ‘देशपांडे’ नाव पेटीवर नसेल तर विम्याचं कार्ड, करक्रमांक, बँकेचा पिन सगळं परत जातं आणि मग महिनाभर फोनाफोनी. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या प्रसारण शुल्काचं पत्रही याच पेटीत येतं: १८.३६ यूरो महिना, पण घरामागे एकदा, माणसामागे नव्हे. एका फ्लॅटमध्ये चौघं असतील तर एकाने भरावं आणि बाकीच्यांनी त्याचा शुल्काचा क्रमांक कळवावा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर दंड चढत जातो.

भारतातून निघण्यापूर्वीचं एक काम जवळजवळ सगळे विसरतात. गोवराची लस. १ मार्च २०२० पासून बालवाडी, रुग्णालय अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना गोवराच्या दोन डोसांचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आजोळच्या कपाटात असतं किंवा नसतं. नसेल तर गोवराची अँटिबॉडी तपासणी करून घ्या किंवा डोस पुन्हा घेऊन इंग्रजीत दाखला घ्या. तिथे पोचल्यावर हे सुरू केलं तर पहिला महिना कागदातच जातो. स्वयंपाकघरात काम असेल तर आरोग्य कार्यालयाच्या अन्नस्वच्छतेच्या माहितीसत्राचा दाखलाही लागतो, पण तो तिथेच मिळतो.

आता काम. आठवड्याला ३८ ते ४० तास. वृद्धाश्रमात सकाळी न्याहारीची ताटं, पावाला लोणी लावणं, कडा कापून देणं, व्हीलचेअर ढकलणं, अंथरूण बदलणं, दुपारी खेळ किंवा फेरफटका. कुणाला गिळायला त्रास असेल तर पेय घट्ट करून द्यायचं असतं. साधं पाणी दिलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून कुणाला काय द्यायचं हे रोज पाळी बदलताना विचारायचं, कालच्या आठवणीवर जायचं नाही. खुर्चीतून उठवण्याआधी चाकांचे ब्रेक दोन्ही बाजूंनी लावलेत का ते बघायचं. औषधं आणि इंजेक्शन स्वयंसेवकाचं काम नाही, कुणी घाईत हातात गोळ्यांची डबी दिली तरी नाही म्हणायचं. कायद्यानुसार स्वयंसेवक पगारी कर्मचाऱ्याची जागा भरायला नसतो. प्रत्यक्षात माणसं कमी असली की ही रेषा पुसट होते, आणि या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा दोष हाच. एकट्याला मजला सांभाळायला लावलं तर ट्रेगरकडे लेखी कळवा. ट्रेगर असतो तो त्यासाठीच.

बी-वनचं सर्टिफिकेट आणि बवेरियातल्या आजींचं बोलणं यांत बरंच अंतर आहे. पुस्तकातलं जर्मन त्यांना कळतं, त्यांचं आपल्याला कळत नाही. पहिले दोन महिने हे चालायचंच. मात्र सगळ्या रहिवाशांना आडनावाने आणि ‘झी’ म्हणून, म्हणजे आपल्या अहो-जाहोत, बोलायचं. सहकारी ‘दू’वर, म्हणजे अरे-तुरेवर, येतात म्हणून आजोबांनाही ‘दू’ म्हटलं तर ते खटकतं.

वर्षात २५ दिवस झेमिनार, म्हणजे प्रशिक्षणाची सत्रं, बहुधा पाच-पाच दिवसांची. ते कामाचे दिवस धरले जातात आणि त्यात रजा मिळत नाही. तिथे भाषा जितकी सुधारते तितकी ड्युटीवर सुधारत नाही.

स्वयंपाक हा खरा विषय. संस्थेच्या इमारतीत खोली असेल तर तिथल्या धूरसूचकाची तार थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असू शकते. मोहरी-हिंगाची फोडणी धुरावली, दार उघडं राहिलं, की लाल गाडी दारात, आणि खोट्या हाकेचा खर्च अंगावर येऊ शकतो. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, तेल धुरकट होण्याआधी मोहरी. शेगडी इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, स्टीलचा इंडक्शन तळाचा घेऊन जा. साध्या काचेच्या शेगडीवर दोन्ही चालतात. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, तूरडाळ, पोहे आणि हिंग आशियाई दुकानात. कोथिंबिरीची मोठी जुडी आणि दह्याचा किलोचा डबा तुर्की दुकानात स्वस्त पडतो. पोळीला ४०५ नंबरचं पीठ घेऊ नका, तो जवळपास मैदाच आहे. १०५० आणि बारीक दळलेलं पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेतलं की पोळी मऊ राहते. हे सगळं शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवायचं, कारण रविवारी दुकानं बंद. पेयांच्या एकदाच वापरायच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन फेकू नका, दुकानात परत दिल्या की प्रत्येकामागे २५ सेंट मिळतात.

मध्येच जागा बदलायची असेल तर आधी परदेशी नागरिक कार्यालयाला विचारा. परवाना बहुधा त्याच सेवेशी बांधलेला असतो, आणि बाजूला पार्टटाइम नोकरी करण्यालाही परवानगी लागते. शेवटच्या दोन महिन्यांत संस्थेकडे कामाचं सविस्तर प्रशस्तिपत्र लेखी मागा. न मागता बऱ्याचदा फक्त तारखांचा दाखला हातात पडतो, आणि आउसबिल्डुंगच्या अर्जाला तो पुरत नाही.