तांब्याचे पैसे घेतले, तार भलतीच भरली

ऐन उन्हाळ्यात, मोसंबी जगवायची धडपड चालू असताना, विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र) जळाली. आतली तार नव्याने भरून घ्यायला जालना जिल्ह्यातल्याच एका वायंडिंगवाल्याकडे टाकली. बोलणं ‘प्युअर तांब्या’चं झालं, पैसेही त्याच भावाने मोजले.

मोटर चालू झाली, पाणी आलं. पण थोड्याच वेळात बॉडीला हात लावू देईना, वार्निशचा वास सुटला. फोन केला तर म्हणे, “दादा, ऊन किती तापलंय! मोठा पंखा बसवू.” पंख्याचे पैसे वेगळे. आता हा पंखा हवा मारतो बॉडीच्या पात्यांवर. आतल्या तारेतच जास्त उष्णता तयार होत असेल, तर ती स्लॉटच्या, म्हणजे तार बसते त्या खाचेच्या, कागदातून बाहेर येईस्तोवर तारेवरचा इनॅमलचा पातळ लेप भाजून निघतो. झालंही तसंच, मोटर पुन्हा जळाली.

दुसऱ्या मिस्त्रीने ती माझ्यासमोर उघडली. तारेवरचं इनॅमल ब्लेडने खरवडलं, खाली लालसर तांबंच! मग त्याने पक्कडीने तार तोडली आणि तोंड उजेडात धरलं. कडेला तांब्याचा बारीक पापुद्रा, मधे पांढराफेक गाभा. ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेली तार. त्याच गेजात, म्हणजे तेवढ्याच जाडीत, तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) तांब्याच्या जवळपास दीडपट, म्हणजे तेवढाच करंट ओढला तरी तार दीडपट तापणार. जाड तार टाकावी म्हटलं तर स्लॉटात मावत नाही.

जाब विचारायला गेलो तर पठ्ठ्या म्हणतो, “रोटरमध्ये तर कंपनीच ॲल्युमिनियम टाकते!” टाकते ना, मोटरच्या त्या फिरत्या भागात. पण ते ओतीव जाड दांडे असतात आणि रोटरची खाचच त्या मापाने कापलेली असते. शिवाय कंपनी ते तांबं म्हणून विकत नाही. याची जीभ मात्र वकिलाची.

माझी जुनी जळकी तार मागितली, तर “भंगारात गेली.” तांब्याचं भंगार किलोला शेकड्यांनी रुपये देतं, म्हणजे तिथेही त्याने हात मारलाच.

मोटर टाकतानाच जुनी तार परत देण्याचं ठरवून घ्या. नवी तार भरण्याआधी तुकडा तोडून तोंड बघा, नुसतं खरवडून भागत नाही. वजनही करा, ही तार तांब्याच्या निम्म्याहून हलकी भरते. आणि बिलावर ‘तांबे’ हा शब्द किलोसकट लिहून घ्या. लिहायला का-कू करणाऱ्याकडून मोटर तशीच उचला.