पोटरीला टेप लावणाऱ्या आहारतज्ज्ञ ताई

या दवाखान्यातला आहारसल्ला मनापासून आवडला. तात्यांना जठराचा कॅन्सर आहे, जळगावात केमो चालू आहे. त्या डॉक्टरांनीच इथे पाठवलं.

आधी एका ठिकाणी दोन मिनिटांत उरकलं होतं, "भरपूर खाऊ घाला, अंग धरेल." आई रोज शिरा, तूप, केळी घेऊन त्यांच्या मागे. तरी पाच महिन्यांत ६२ किलोचे ५४ झाले. केळीचा घड खांद्यावर टाकून वावरातून रस्त्यापर्यंत आणणारे तात्या आता खाटेवरून उठताना गुडघ्यांवर हात दाबतात. आपलंच करणं कमी पडतंय, असं आई धरून बसली होती.

इथल्या ताईंनी आधी पोटरीभोवती टेप लावून घेर मोजला, मग हाताची पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं. आणि आईला समोर बसवून सांगितलं. गाठ जठरातच आहे, पाय तिने गाठलेलेही नाहीत. पण गाठीतून आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशींतून रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. त्यामुळे निरोगी स्नायू स्वतःचीच प्रथिनं तोडायला लागतात, मेंदूतली भूक मंदावते, यकृत वेगळ्याच कामाला जुंपलं जातं. उपाशी माणसाचं शरीर शक्य तितके स्नायू राखून चरबी जाळतं. इथे दोन्ही झिजतं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन असं आपोआप घटलं, तर डॉक्टर त्याला कॅशेक्सिया म्हणतात. नुसतं जेवण वाढवून ते पूर्ण भरून येत नाही. "तुमच्या हातात काही कमी नाही, मावशी," हे ऐकल्यावर आई तिथेच रडली. इतक्या महिन्यांत हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

आहारही आपल्या घरातला दिला. दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणून शिऱ्याऐवजी मऊ फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी, दोन-दोन तासांनी थोडंथोडं. खुर्चीवरून रोज दहा वेळा उठबस. तात्या फुणके खातात, शिऱ्याला तोंड फिरवायचे. वजन महिनाभर ५४ वरच टिकलंय.

एक तक्रार आहे. आहाराचा तक्ता इंग्रजीत छापलेला मिळतो, तो मराठीत हवा. आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पायातली ताकद गेलेल्या पेशंटला तो जिना फार जड जातो. आधी फोन केलात तर ताई स्वतः खाली येऊन तपासतात, आम्ही आता तसंच करतो.