सर नसले तरी चालणारा दातांचा दवाखाना, जवळजवळ

५ पैकी ४ स्टार. एक काहून कापला ते खाली सांगते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी एक डॉक्टर, एक खुर्ची अन् एक पोट्टं, जे पावती पण फाडते अन् हत्यारं पण धुते. डॉक्टरचा मूड चांगला तर तुमचं नशीब चांगलं. बसस्टँडमागच्या या दवाखान्यात मोठे सर नागपूरवरून ठराविक दिवशीच येतात, बाकी दिवस दोन ज्युनियर मॅडम अन् सिस्टर सांभाळतात, म्हणून मी आधी नाहीच म्हणत होती. पण सासूबाईंची दाढ ठणकून राहिली होती अन् कापूस वेचणीच्या दिवसात नागपूरच्या डेंटल कॉलेजपर्यंत त्यांना घेऊन कोण जाणार.

डॉक्टरांचा हात कसा आहे हे बाकीच्यांनी लिहिलंच असेल, मी कारभाराबद्दल लिहिते. बचत गटाची सचिव आहे मी, रजिस्टर खरं भरलेलं आहे का आदल्या रात्री बसून एकाच पेनानं भरलेलं आहे ते मला पानावरूनच समजते.

तर झालं असं की मॅडम दाढेत इंजेक्शन द्यायच्या तयारीत, बाहेर गर्दी, अन् सिस्टरनं हत्यारांचं पाकीट हातात घेऊन पाहिलं अन् म्हणाली, मॅडम याची पट्टी काळी नाही झाली. मॅडम घाईत होत्या, त्या म्हणाल्या अगं झालं असेल, पण ती पोरगी बारावी पास असेल नसेल, तिनं सरळ पाकीट बाजूला ठेवलं, दुसरं आणलं, अन् वहीत लिहून पण टाकलं. मॅडम काहीच बोलल्या नाही, उलट थँक्यू म्हणाल्या! आपल्याकडे नर्सनं डॉक्टरला टोकलं तर दुसऱ्या दिवशी तिचं काम सुटते हो. नंतर मी तिला विचारलं तर म्हणे सरांचा नियमच आहे, पाकिटावर शंका आली तर कोणीही थांबवायचं, मग समोर सर स्वतः असले तरी. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या कुकरसारख्या मशीनमध्ये, १२१ डिग्रीच्या वाफेवर १५-२० मिनिटं दाबात ठेवावं लागते, अन् पाकिटावरची पट्टी काळी झाली म्हणजे फक्त उष्णता लागली येवढंच समजते, जंतू मेले का याची टेस्ट वेगळी असते. त्या टेस्टचे कागद फाईलीत लावलेले होते, मी मागितले अन् तिनं दाखवले, तोंड वाकडं न करता. पानं वेगवेगळ्या हाताची, वेगवेगळ्या शाईची. खरं रजिस्टर.

कचऱ्याचं पण तसंच, सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या थैलीत, ग्लोव्हज लालमध्ये. २०१६ च्या नियमाप्रमाणे हे सगळ्यांनाच करावं लागते पण करते कोण.

अजून एक आवडलं. केसपेपरवर खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला), तंबाखू, नस (तपकीर) हे सगळ्यांनाच विचारतात, बाई असो का माणूस, अन् तोंडात आपलीच तीन बोटं उभी घालून दाखवायला लावतात. आमचे मिस्टर फक्त सोबत आले होते, त्यांनाही लावली, दोनच गेली. सुपारीनं आतली कातडी कडक होऊन तोंड उघडणं कमी होते असं मॅडमनी नीट समजावलं अन् पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. मिस्टर त्या दिवसापासून माझ्याशी नाही, त्या मॅडमशी रागावून आहेत.

पैशाचं आधी कागदावर दिलं, रूट कॅनाल वेगळं, कॅप वेगळी. एक एक्सरे बरोबर आला नाही तो पुन्हा काढला, त्याचे पैसे लावले नाही.

आता स्टार कापला त्याचं. कॅप बसवल्यावर सासूबाईंना चावताना उंच लागत होती, गेलो तर मॅडमनी घासून दिली पण समाधान झालं नाही, कॅप बदलून द्या म्हटलं तर उत्तर एकच, सर आल्यावर. सर आले ते पुढच्या आठवड्यात. त्यांनी पाहिलं, बदलून दिली, पैसे नाही घेतले, वरून सॉरी म्हणाले, सगळं मान्य. पण आठवडाभर म्हातारी एका बाजूनं पातळ वरण-भात खाऊन राहिली ना बाप्पा. पाकीट थांबवायचा अधिकार सिस्टरला आहे अन् कॅप बदलायचा अधिकार डिग्रीवाल्या मॅडमला नाही, हे कोणतं गणित? भिंतीवर तक्रारपेटी आहे, तिची चाबी पण सरांकडेच, म्हणजे सर नागपुरात अन् तक्रार कुलपात. अन् बोर्डावर नाव अन् नोंदणी नंबर फक्त सरांचा, मॅडम लोकांचे पण लावा, खुर्चीवर तर त्याच असतात. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता, सासूबाईंनी अंगठा दिला अन् मला विचारलं काय लिहिलं आहे, मला पण अर्धंच समजलं. मॅडमनी तोंडी सांगितलं हे खरं, पण मराठीत छापायला किती खर्च लागते.

हे सगळं मी सरांना समोर बोलली. फॉर्मचं लगेच लिहून घेतलं, चाबीचं ऐकून हसले.

कोणी जाणार असेल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बसायला जागा नसते. साधं दुखणं, सफाई, दात काढणं असेल तर मॅडमकडे बिनधास्त जा, कॅप किंवा कवळी बसवायची असेल तर फोन करून सरांचा दिवस विचारूनच निघा.