वाचनालयातील प्रदर्शन : युद्धकाळातील दारू आणि करमणुकीवरील निर्बंध

देसाईगंजजवळच्या आमच्या गावातील वाचनालयाने युद्धकाळातील सरकारी निर्बंधांवर मांडलेले चित्रफलकांचे प्रदर्शन दहा रुपयांच्या तिकिटात नक्कीच पाहण्याजोगे आहे. 1993 पासून दारूबंदी अनुभवणाऱ्या गडचिरोलीकराला सर्वाधिक गुंतवून ठेवतो तो ब्रिटनचा भाग : मद्यपानामुळे दारूगोळ्याचे उत्पादन घटते, या चिंतेतून 1915 मध्ये नियंत्रण मंडळ नेमले गेले, मद्यालयांच्या वेळा कमी झाल्या, त्याच्या अखत्यारीतील भागांत दुसऱ्याला स्वतःच्या पैशाने दारू पाजणेही गुन्हा ठरले आणि कार्लाइल परिसरातील मद्यालये 1916 पासून सरकारनेच ताब्यात घेऊन 1973 पर्यंत चालवली. (हे शेवटचे साल वाचताना मी दोनदा चष्मा पुसला.)

करमणुकीचा भाग मात्र त्रोटक आहे. सप्टेंबर 1939 मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधील नाट्यगृहे व चित्रपटगृहे बंद झाली आणि लवकरच टप्प्याटप्प्याने उघडली, एवढेच एका फलकावर उरकले आहे. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला ते पुरत नाही. अक्षरेही बारीक आहेत. धानकापणी आटोपल्यावर, पण दिवसाउजेडीच जावे, कारण संध्याकाळी वीज गेल्यास तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.