इग्रेस खिडकी: खणणं आपलं, कापणं त्यांचं

अमेरिकेत बेसमेंटमधली खोली बेडरूम म्हणून धरायची, तर आग लागल्यावर माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी, म्हणजेच इग्रेस खिडकी, तिला लागतेच. ती स्वतः बसवायची की कॉन्ट्रॅक्टरला द्यायची? निकाल आधीच सांगतो. खोदकाम, खिडकी बसवणं आणि आतलं फिनिशिंग घरच्या दोघांना जमतं. भिंत कापायचं काम मात्र काँक्रीट कापणाऱ्यालाच द्यावं. आणि जुन्या खिडकीपेक्षा रुंद खिडकी हवी असेल, तर सगळंच काम कॉन्ट्रॅक्टरकडे द्यावं.

सगळं रुंदीवर अडतं. जुन्या खिडकीवरचा भार तिच्या डोक्यावरचा लिंटेल पेलत असतो. रुंदी तीच ठेवून खिडकी फक्त खाली वाढवली, तर त्याला धक्का लागत नाही. बाजूला सहा इंच जरी सरकलात, तरी वरचे जॉइस्ट, म्हणजे मजल्याचे आडवे वासे, त्याच भिंतीवर टेकलेत का ते बघावं लागतं. टेकले असतील तर तात्पुरते टेकू, नवा लिंटेल आणि बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरची सहीही आली.

आता मापं. आयआरसी (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) या घरबांधणीच्या नमुना कोडप्रमाणे पूर्ण उघडलेल्या खिडकीत मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट हवी, उंची किमान 24 इंच, रुंदी किमान 20 इंच, आणि खालची कड तयार फरशीपासून 44 इंचांच्या वर नको. ग्रेड-फ्लोअर ओपनिंगला, म्हणजे जिची खालची कड बाहेरच्या जमिनीपासून 44 इंचांच्या आत आहे तिला, 5.0 चौरस फूट चालतात. तरी खरेदी 5.7 धरूनच करावी. तुमच्या गावाने कोडची कुठली आवृत्ती आणि कुठले बदल लागू केलेत, हे बिल्डिंग डिपार्टमेंटला परमिट काढतानाच विचारा.

इथे हमखास फसगत होते. 20 बाय 24 ही दोन्ही किमान मापं एकत्र घेतली तर जेमतेम 3.3 चौरस फूट भरतात. 24 इंच उंची ठेवली तर रुंदी सव्वाचौतीस इंच लागते; 20 इंच रुंदी ठेवली तर उंची 41 इंचांच्या थोडी वर. दुसरी फसगत बकची, म्हणजे खिडकी ज्यात बसते त्या लाकडी चौकटीची. काँक्रीटच्या भोकात दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचं ट्रीटेड लाकूड बसतं, म्हणजे 32 इंचांच्या भोकातून 29 उरले. शिमसाठी (खिडकी सरळ करायच्या पातळ पाचरींसाठी) अर्धा इंच सोडला की साडेअठ्ठावीस, आणि त्यातूनही फ्रेम आणि बिजागरी आणखी काही इंच खातात. म्हणून कॅटलॉगमध्ये खिडकीचं बाहेरचं माप न बघता ‘क्लिअर ओपनिंग’चा आकडा बघा. अरुंद भिंतीत केसमेंट खिडकीच बरी, कारण तिचं अख्खं दार उघडतं. स्लायडर अर्धाच उघडतो, त्यामुळे त्याला खूपच मोठं भोक लागतं.

खोदण्याच्या काही दिवस आधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा. सेवा फुकट आहे. पण ते युटिलिटी कंपन्यांच्याच लाइनी आखून देतात. स्प्रिंकलरचे पाइप किंवा ग्रिलला नेलेली गॅसची नळी तुमची तुम्हीच शोधायची. खिडकीसमोर चार फूट पुढे, सहा फूट रुंद, पाच फूट खोल असा खड्डा म्हणजे 120 घनफूट माती, अंदाजे सहा टन. उकरल्यावर ती फुगून पाव हिस्सा तरी वाढते, तेव्हा ती कुठे जाणार हे आधी ठरवा. माती कडेपासून दोन फूट लांब टाका आणि खड्ड्याच्या बाजू उतरत्या ठेवा. पाच फूट खोलीपासून ओशा ही सरकारी कामगार-सुरक्षा संस्था कामगारांसाठी आधार सक्तीचा करते. घरमालकाला तो नियम लागत नसला, तरी माती त्याच वजनाने ढासळते.

कापणं बाहेर का द्यायचं? भाड्याने मिळणाऱ्या 14 इंची करवतीचं पातं साधारण पाच इंचच आत जातं. भिंत आठ इंची असेल तर दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, आणि त्यासाठी चारही कोपऱ्यांतून आरपार भोकं पाडून रेषा जुळवाव्या लागतात. पातं गोल असल्यामुळे कोपऱ्यात काप पुढे सरकतो. तिथूनच पुढे तडा जातो आणि पाणी शिरतं. जाणकार माणूस कोपऱ्याच्या अलीकडे थांबतो आणि उरलेलं छिन्नीने काढतो. वजनाचाही अंदाज असू द्या: तीन बाय तीन फुटांचा आठ इंची तुकडा सुमारे 900 पौंडांचा भरतो. तो अख्खा पाडायचा नाही, वरून खाली तुकड्या-तुकड्याने काढायचा. आणि पेट्रोलवर चालणारी करवत बेसमेंटमध्ये अजिबात चालवू नका. दार उघडं ठेवलं तरी काही मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड जीवघेण्या पातळीला जातो. काँक्रीट कापणारे बहुधा हायड्रॉलिक किंवा विजेची, पात्यावर पाणी सोडत कापणारी करवत आणतात; धुळीतली सिलिकाही त्यामुळे दबते. भिंत पोकळ ब्लॉकची असेल, तर कापल्यावर उघडी पडलेली पोकळी काँक्रीटने भरून घ्या, नाहीतर बकचे स्क्रू धरणार कशात?

नवी खिडकी हातात आल्याशिवाय कापण्याची तारीख घेऊ नका. कापणं, बक आणि खिडकी एकाच दिवसात उरकावं. बक काँक्रीट स्क्रूने आवळा, त्याच्यामागे सीलंट भरा, खालच्या कडेला बाहेर उतार द्या, फ्लॅशिंग टेप (पाणी अडवणारी चिकटपट्टी) आधी खाली, मग बाजूंना, शेवटी वर. फोम कमी फुगणाराच वापरा. साध्या फोमने फ्रेम आत वाकते आणि खिडकी अडकते.

या कामात सगळ्यात जास्त रडवतं ते पाणी. विंडो वेल म्हणजे खिडकीपुढची पत्र्याची विहीरच, आणि विहिरीत पाणी साचणारच. तळापासून फुटिंगच्या (घराच्या पायाच्या) ड्रेनपर्यंत चार इंची पाइप न्या आणि वर धुतलेली पाऊण इंची खडी भरा. खडीची पातळी खिडकीच्या कडेच्या काही इंच खालीच राहू द्या. चिकणमातीत नुसती खडी टाकून भागत नाही. ते पाणी पहिल्याच मोठ्या पावसात काचेला टेकतं. वेल पुढे किमान 36 इंच आणि क्षेत्रफळाने 9 चौरस फूट हवी. वेलची खोली 44 इंचांच्या वर गेली की कायमची शिडी लागते.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन काही हजार डॉलरांचं येतं. त्यात मजुरीच जास्त असते, म्हणून अर्धं काम घरी केलं तरी बचत चांगली होते. सगळं त्याला दिलंत, तर क्लिअर ओपनिंगचा आकडा, ड्रेन नक्की कशाला जोडणार, परमिट कोण काढणार आणि माती कोण नेणार हे लेखी घ्या. आतलं ट्रिम आणि बाहेरच्या जमिनीचा उतार पुष्कळदा कोटेशनमध्ये नसतो. ‘गरज पडल्यास ड्रेन’ असं वाक्य दिसलं, तर ते बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. शेवटचा हप्ता इन्स्पेक्टरने पास केल्यावरच द्या.

वेलवर झाकण बसवलंत, तर ते किल्ली किंवा हत्यार न वापरता आतून उघडलं पाहिजे. त्या खोलीत जो झोपणार आहे, मग ती शाळकरी मुलगी असो की भेटीला आलेली आजी, तिला एकदा खिडकी उघडून, शिडी चढून, झाकण ढकलून बाहेर यायला सांगा.