बेडकांच्या व्हिव्हेरियममध्ये धबधबा: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

व्हाइट्स ट्री फ्रॉग जातीच्या दोन बेडकांच्या व्हिव्हेरियममध्ये, म्हणजे प्राणी पाळायच्या काचेच्या टाकीत, धबधबा आणि डबकं असलेला तयार संच लावून बरेच महिने झाले. पंप पाणी वर चढवतो, ते कृत्रिम खडकावरून उतरून पुढच्या खोलगट भागात साचतं आणि जाळीखालून परत पंपाकडे जातं. दिसतो सुरेख. पंपाचा आवाजही जाणवेल इतका नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे की हा संच पेटीतून काढून जसाच्या तसा लावू नये.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या पातळ त्वचेतून तो ते शोषून घेतो. दिवे मंद झाले की माझी मोठी मादी काठावर उतरते, मागचे पाय फाकवते, पोट ओल्या दगडाला चिकटवते आणि कितीतरी वेळ हलत नाही. क्लोरीन, अमोनिया, तांबं, साबणाचा अंश, पाण्यात जे काही असेल ते याच वाटेने तिच्या अंगात जाणार. म्हणून पाण्याच्या सुरक्षिततेचा विचार करताना मला बुडण्याइतकीच शुद्धतेचीही काळजी वाटते.

बुडण्याचा धोकाही खरा आहे. ‘बेडूक कसा बुडेल?’ असं लोक सहज विचारतात. इवलेसे डार्ट फ्रॉग आणि जमिनीवर राहणारे गोलमटोल पॅकमन फ्रॉग पोहण्यात कच्चे असतात, आणि झाडावर राहणारा बेडूकसुद्धा बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर थकतो. या संचात पंपाजवळचा कोपरा नको इतका खोल आहे. तिथे मी मोठे गुळगुळीत गोटे रचले आणि बसलेल्या बेडकाच्या खांद्यापर्यंतही पाणी येणार नाही इतकी पातळी ठेवली. गोटा बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठाच हवा. किडा पकडताना बारीक खडी तोंडात गेली तर आतडं तुंबतं. संचासोबत आलेली रंगीत खडी मी वापरलीच नाही. डबक्याच्या प्रत्येक बाजूला कॉर्कच्या सालीचा उतार केला आहे.

पंपाच्या तोंडाच्या फटी रुंद आहेत. पिल्लाचा पाय किंवा बोट ओढलं जाऊ शकेल इतक्या. त्यावर जाड, भरड स्पंज चढवलाच पाहिजे. तो मोठा असावा, कारण लहान स्पंज लवकर गाळाने भरतो आणि ओढ उरलेल्या थोड्या जागेत एकवटते. धबधब्याची धार बारीक झाली की स्पंज भरला असं समजावं. तेव्हा दुर्लक्ष केलं तर पंप कोरडा पडून तापतो. खडक आणि मागच्या काचेमधली फटही बुजवून घ्या. बेडूक अंग चपटं करून अशा जागी शिरतो आणि मग त्याला वळता येत नाही. वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोका ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर तर हवाच.

आता माझी मुख्य तक्रार. पंप खडकाच्या पोटात आहे आणि खडकाचा वरचा भाग सिलिकॉनने कायमचा चिकटवा असं माहितीपत्रकात म्हटलं आहे. मी तो मोकळा ठेवला. चिकटवला असता तर दर सफाईला अख्खी टाकी उपसावी लागली असती, आणि जी सफाई इतकी जिकिरीची असते ती हळूहळू टळत जाते. बेडूक पाण्यात बसतात आणि पाण्यातच घाण करतात. त्यात रातकिडे पडून मरतात. एवढ्याशा पाण्यात अमोनिया वाढायला फार वेळ लागत नाही, आणि पाणी उबदार किंवा अल्कधर्मी असेल तर तो जास्त विषारी ठरतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी चाचणी कराच. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी असलेलं नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. स्पंजात अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू रुजायला काही आठवडे जातात, तोवर बेडूक या टाकीत सोडू नयेत. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली धुतला तर क्लोरीनने ते जिवाणू मरतात.

नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी नळाच्या पाण्यात जंतू मारायला वापरलं जाणारं क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. ते असेल तर डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण, लागतो, आणि तोही अमोनियाला बांधून ठेवणारा, कारण क्लोरामाइन फुटलं की अमोनिया मागे राहतो.

ओलाव्याचा प्रश्न मला सगळ्यात नाजूक वाटला. हे बेडूक मूळचे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचे. त्यांना कोरडी जागाही लागते. सतत तुषार उडत राहिले तर माती चिंब राहते आणि त्वचेला जिवाणूंचा संसर्ग होण्याची भीती असते. मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली दिसली तर लगेच पशुवैद्याकडे न्यावं. टायमर लावून धबधबा बराच वेळ बंद ठेवावा असं वाटेल, पण वाहतं पाणी थांबलं की स्पंजातल्या जिवाणूंना प्राणवायू कमी पडतो. मी पंप कायम चालू ठेवते. धार अगदी मंद केली आहे, ती थेट पाण्यात न पाडता दगडावरून ओघळू दिली आहे, आणि वरचं झाकण जाळीचं आहे. तेव्हापासून पलीकडची माती वरून कोरडी राहते.

शिवाय दुसऱ्या टोकाला साध्या स्थिर पाण्याचं पसरट भांडं आहे. ते रोज धुऊन भरते. दोघंही वाहत्या डबक्यापेक्षा त्यातच जास्त बसतात. म्हणूनच डार्ट फ्रॉग, पॅकमन किंवा पिल्लं पाळणाऱ्यांना मी हा संच सुचवणार नाही, त्यांना असं उथळ भांडं पुरतं. मोठे झाडबेडूक असतील आणि पंप उपसून साफ करायची तयारी असेल तरच घ्या.

काढलेलं पाणी बागेत किंवा ओढ्यात ओतू नका. 1999 साली शास्त्रीय वर्णन झालेली बॅट्रॅकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस ही बुरशी पाण्यातून पसरते आणि तिने जगभरातल्या अनेक बेडूकजातींचा ऱ्हास केला आहे. मी ते पाणी वेगळ्या बादलीत ब्लीच घालून ठेवते आणि नंतरच मोरीत सोडते. ती बादली टाकीच्या दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरत नाही.